कडेने धरायचं नाणं

अण्णा, तुमची नाण्यांची पेटी आज परत घरी आणली. कोणी घेतली नाही. ही बातमी तुम्हाला कळवायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्या रक्तदाबाची काळजी करण्याचंही कारण नाही. म्हणून सरळ सांगते.

राज्य तेव्हा नवं होतं आणि त्याचा वर्धापनदिन म्हणजे तुमचा सण. दिवाळीला कधी नवा सदरा घेतला नाहीत, पण त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या बसने म्हापसा आणि तिथून पणजी. एकदा मलाही नेलंत. रांगेत उभं राहून तुम्ही वर्धापनदिनाचं नाणं घेतलंत, त्या दिवसासाठी खास छापलेलं पाकीट, म्हणजे तुमचं ते कव्हर, घेतलंत, त्यावर तिकीट चिकटवून त्या दिवसाचा शिक्का मारून घेतलात. मी विचारलं, "अण्णा, हें कोणाक धाडतलात?" तुम्ही म्हणालात, "कोणाक ना. हेचेर पत्तो बरोवपाचो न्हय." कोणालाच पाठवायचं नाही, वर पत्ताही लिहायचा नाही, तर एवढा खटाटोप कशाला, हे मला कळलं नाही. परत येताना बसमध्ये मी हट्टाने नाणं मागून घेते, अगदी मधोमध धरते, आणि तुम्ही भर बसमध्ये ओरडता, "कडेक धर गो! आंगठो लावं नको. घामाचो डाग मागीर वचना." त्या न जाणाऱ्या डागापायी सगळी बस वळून बघते. कोलवाळचा पूल जाईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडते आहे, आणि तुम्ही रुमालाने नाणं पुसता आहात. माझे डोळे नव्हे, नाणं.

पुढे दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आई परसात समई, निरांजन, तांब्या घेऊन बसली होती आणि त्यांच्याबरोबर ते नाणंही कोकमाच्या सोलांनी खसाखसा घासत होती. संध्याकाळी ते ताटात ठेवून तिने त्याला हळद लावली, कुंकू लावलं. मला मनातून उकळ्या फुटत होत्या, आता हिचीही कंबख्ती भरली म्हणून. तुम्ही दारातच थबकलात. आई म्हणाली, "आमच्या राज्याची लक्ष्मी ती. तिका कुंकू नको?" मी तुमच्याकडे बघितलं. तुमचा चेहरा असा झाला, जणू कोणी दात उपटत होतं. आणि तुम्ही मला हळूच म्हणालात, "लावंदी तिका." लावू दे, एवढंच. त्यानंतर प्रत्येक वर्धापनदिनाचं नाणं आधी आईच्या ताटात आणि मग तुमच्या पेटीत गेलं. माझ्या अंगठ्याला कायदा आणि आईच्या कुंकवाला माफी, याचा राग मी फार वर्षं धरला. तुम्ही नाण्यांपेक्षा आईला जपत होता, हे कळायला मला स्वतःचा संसार मांडावा लागला. तोही धड झाला नाही, ते असो.

आता इकडची परिस्थिती ऐका. आई तुमच्यामागून गेली. भावाने देव डिचोलीला त्याच्या घरी नेले आणि हे पेडण्याचं घर विकायला काढलं आहे. मी मांद्र्यात एक खोली बघितली आहे, तिथे भिंतींना ओल आहे, पेटी टिकायची नाही. तुमचा नातू, माझा मुलगा, पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला. पेटीबद्दल विचारलं तर फोनवर म्हणाला, "आई, फोटो काढून दवर आनी सोडून दी." त्याच्यावर तरी काय रागवायचं? घर जाऊ दे, देव गेले ते गेले, पण तुमची पेटी कुठेतरी राहावी एवढंच मी मागत होते. यंदाच्या वर्धापनदिनाला पेडण्यात प्रदर्शन भरलं आणि जुने संग्रह कायमचे सांभाळायला घेतो असं प्रदर्शनवाल्यांनी कळवलं, तेव्हा मी तुमच्यासारखाच इस्त्रीचा पोशाख करून गेले.

तिथे हातमोजे घातलेले एक गृहस्थ होते. माणूस भला होता. त्यांनी एकेक नाणं कडेने उचललं, अण्णा, तुम्ही शिकवलंत तसं, आणि उजेडात फिरवून परत ठेवलं. कव्हरं तर एकमेकांना चिकटूनच बसली आहेत, आमच्या हवेने दुसरं काय होणार. ते म्हणाले, "बाई, हीं घासल्यांत. कुंकवाचो डागूय बसला. अशीं आमी घेनात." माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "वायट दिसून घेवं नकात. घरा देवाकडे दवरात." देवाकडे ठेवायला आमच्या घरात आता देव कुठे आहेत? पेटी उचलली आणि बाहेर आले.

बाहेरच्या मांडवात यंदाचं नाणं आणि कव्हर विकत होते. मी दोन्ही घेतली. का घेतली ते विचारू नका. हे पत्र त्या कव्हरात घालून पेटीत ठेवणार आहे, पत्ता न लिहिता. तुमचा नियम मोडत नाही.

एक मात्र मोडला. घरी येऊन नाण्याची प्लास्टिकची डबी उघडली आणि अंगठा मधोमध दाबून धरला, चांगला घाम फुटेपर्यंत. डाग उमटला आहे. मी बराच वेळ तशीच बसून होते, पण कोणी ओरडलं नाही.