नारळानं नव्हे, पाण्यानं

आत्याबाई, पाणी मी पाजलं होतं. नातू वाचला तो मरीआईला फोडलेल्या नारळानं, असं तुम्ही अख्ख्या भोकरदनला सांगत राहिलात आणि मी, तुमची सून, ऐकून घेत राहिले. आता तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, मी स्वतः आजी झाले, आणि ऐकून घेण्याचा मला कंटाळा आला आहे.

सत्तरच्या दशकातलं ते वर्ष. गल्लीत घरटी कुणी ना कुणी हगवणीनं आडवं झालेलं. विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत, "पाण्याला दवाखान्याचा वास येऊन राह्यला, प्यावं कसं?" माझ्या पोराला दोन वर्षंही पुरी नव्हती. सकाळी जुलाब लागले आणि दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. त्याचे वडील जालन्याला गेलेले. मी एकटी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात पळाले. व्हरांड्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सलाइन संपलंय, वाट बघत बसू नका. घरी जा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घाला आणि चमच्याचमच्यानं पाजत राहा. ओकला तरी पाजा."

हे घरी सांगितल्यावर तुम्ही काय केलंत? माठ उचलून आतल्या खोलीत नेलात, दाराला कडी लावलीत आणि उंबऱ्यात आडव्या बसलात. "पोट वाहून राह्यलं अन् वरून पाणी? बिलकुल न्हाई. ओठाला ओला फडका लाव, बस. माझी दोन गेली, तवा मी थेंब दिला न्हाई. लई मागायची पाणी. मन घट्ट केलं, पण कसर ठेवली न्हाई." हे तुम्ही मान ताठ ठेवून सांगत होता, आत्याबाई. मांडीवरचं माझं पोर तेव्हा कोरड्या जिभेनं ओठ चाटत होतं.

मी तुम्हाला ओलांडून आत गेले. सुनेनं सासूला ओलांडणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, आणि अजूनही त्याचं मला काही वाटत नाही. "पोराला कमीजास्त झालं तर या घरात तुला जागा न्हाई," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, "बराबर हाय. पण आधी पाजू द्या." स्टोव्ह पेटवला, पाणी उकळून परातीत गार केलं, मीठ-साखर घातली आणि मुद्दामच ओसरीवर, सगळ्या गल्लीसमोर पाजत बसले. तो ओकला की तुम्ही म्हणायचात, "बघ." मी पुन्हा चमचा भरायची. दिवस कलताना त्यानं माझ्या लुगड्यावर मुतलं, म्हणजे पाणी अंगी लागलं होतं, आणि मी हसत सुटले. तुम्ही उठून नारळ आणायला गेलात.

पुढे मी शिकले, शाळेत विज्ञान शिकवू लागले. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, वाकडा जंतू फळ्यावर काढायचे. पोरींना सांगायचे, हगवणीच्या जंतूंच्या जाती पुष्कळ; कुणी रक्त पाडतो, कुणी अंगातलं पाणी पळवतो. पण जात कुठलीही असो, गेलेलं पाणी भरून द्यायचंच, घरात कुणी नको म्हटलं तरी. पोरी हे घरी जाऊन सांगायच्या. गावातल्या किती आज्या माझ्यावर चिडल्या असतील कोण जाणे. चिडू देत.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. तुम्हाला चमच्यानं पाणी पाजायची वेळही माझ्यावरच आली. एक दिवस चमचा तोंडाशी असताना तुम्ही माझं मनगट धरलंत. "माझ्या दोघांला पाजलं असतं तर?" म्हणजे इतकी वर्षं तुम्ही नारळ नारळ करत होता ते काय झाकायला, हे मला तेव्हा कळलं.

मी तुमच्याकडे सरळ बघून म्हणाले, "न्हाई आत्याबाई. त्यांचा जंतू येगळ्या जातीचा होता. त्याला पाण्याचा उपेग न्हाई." तुम्ही खोलवर श्वास सोडलात आणि चमच्यातलं पाणी प्यायलात.

असा जंतू नसतो. मी धडधडीत खोटं बोलले, आणि तुम्ही उद्या पुन्हा विचारलंत तर पुन्हा तेच बोलेन. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी हा कागद मी तुमच्या फोटोसमोरसुद्धा ठेवणार नाही. "माझा नातू वाचला तो नारळानंच," असं तुम्ही म्हणत राहा. माझं पोर मी पाण्यानं वाचवलं, आणि तुम्हाला वाचवायला माझ्याजवळ तेवढा तो नारळच आहे.