सरांचं हिरवं कपाट

४ फेब्रुवारी

सर पडले! बाथरूममध्ये पाय घसरला, खुबा मोडला, काल ऑपरेशन झालं. लंबूने सकाळी फोन करून सांगितलं. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो – "आणि किल्ली?" सर कसे आहेत हे मी नंतर विचारलं. लंबू हसला, कारण त्याच्याही डोक्यात तेच होतं. सरांच्या हाताखाली पीएचडी करणारे आम्ही दोघेच उरलोय. बाकीचे एक तर सुटले, नाही तर पळाले.

कपाटाची किल्ली सरांच्या खिशात असते, बुटाच्या जुन्या नाडीला बांधलेली. म्हणजे आता हॉस्पिटलात. आणि माझं अर्धं चौथं प्रकरण कपाटात!

६ फेब्रुवारी

विभागात जाऊन सरांच्या खोलीत नुसतीच बसून आले. खोली ती केवढी – दार पूर्ण उघडत नाही, कारण मागे माझं स्टूल. खिडकी अर्धीच दिसते, कारण पुढे कपाट. हिरवं, पत्र्याचं, माझ्यापेक्षा वयाने मोठं. त्यात सरांनी जन्मभर जमवलेल्या झेरॉक्स, पुस्तकं, टिपणं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "ग्रंथालयात वेळ घालवू नकोस. लागेल ते सगळं या कपाटात आहे." मला तेव्हा किती भारी वाटलं होतं! बाकीची पोरं ग्रंथालयात वणवण करतायत आणि आमचं सगळं हाताशी. मग कळलं की हाताशी म्हणजे सरांच्या हाताशी. एक फाईल मागायची, ते काढून देणार, स्टुलावर बसून वाचायची, परत द्यायची. घरी न्यायची नाही. लिहिलेलं दाखवलं की कागदावर एक खूणही करत नाहीत. हवेत बघून म्हणतात, "अजून मुरू दे."

मुरायचं सोडून मी आता नासायला लागलेय.

आईचा रोजचा प्रश्न – झालं का? मी म्हटलं, नाही. विषय शहरातल्या सार्वजनिक नळांचा इतिहास हे तिला पहिल्यापासून हास्यास्पद वाटतं. "शंभर वर्षांपूर्वीचे नळ राहू देत, आधी मोरीतला गळतोय तो बघ," म्हणाली. मोरीतला नळ खरंच गळतोय. प्लंबरला कधीपासून बोलवायचंय.

१० फेब्रुवारी

काहीच नाही. दिवसभर झोपले.

११ फेब्रुवारी

आज ग्रंथालयात गेले. लिहायलाही लाज वाटते, पण प्रवेश घेतल्यापासून आज पहिल्यांदा! दारावरच्या रखवालदाराने कार्ड मागितलं. कार्डावरचं नवंकोरं प्लॅस्टिक अजून तसंच. तो कार्डाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. वर "नवीन का?" म्हणाला. मी हो म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावर "संशोधन साहाय्य" अशी पाटी आणि खाली एक बाई. चष्मा कपाळावर, समोर दोन स्क्रीन, टेबलाखाली चपला काढून ठेवलेल्या. मी दबकत विचारलं, इथे कुणालाही विचारता येतं का? म्हणाल्या, मी इथे शोभेला बसलेली नाही. विषय सांगितला तर हसल्या नाहीत. उलट विचारलं, कुठल्या काळातले नळ, कुणी बसवले, पैसे कुणाचे. एवढे प्रश्न मला सरांनीही कधी विचारले नाहीत. उद्या पूर्ण एक तास फक्त माझ्यासाठी ठेवलाय. अशी वेळ कुणालाही मिळते म्हणे, फक्त मागावी लागते.

मी त्यांना शोधबाई म्हणायचं ठरवलंय.

१२ फेब्रुवारी

नकाशे आहेत!!

सर पहिल्यापासून सांगतात की जलखात्याचे जुने नकाशे उरलेलेच नाहीत, त्यांच्याशिवायच लिहायचं. म्हणून माझा सगळा प्रबंध "असे असावे", "असे वाटते" करत लंगडत चाललाय. कुठली गल्ली, कुठला नळ, कुणाला पाणी आणि कुणाला नाही – काही दाखवताच येत नाही. प्रत्येक वेळी घोडं तिथेच अडतं.

शोधबाईंनी तीन-चार ठिकाणी शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. दुसऱ्या विद्यापीठाच्या संग्रहात, गल्लीवार, नळांच्या खुणांसकट, आख्खा गठ्ठा! मी म्हटलं, सर नाहीत म्हणाले होते. त्यांनी विचारलं, केव्हा शोधले होते त्यांनी? मला माहीत नव्हतं. म्हणाल्या, संगणकाआधी सूचीच्या कार्डांच्या काळात नसतील सापडले, तेव्हा ते नोंदवलेलेच नव्हते. एवढं साधं! सरांनी एकदा शोधलं, नाही मिळालं, आणि जगातून ते नकाशे नाहीसे झाले. आणि मी स्टुलावर बसून मान डोलावत राहिले.

घरी येताना इतका संताप आला की बस चुकली. कुणाचा संताप ते मात्र नीट सांगता येत नाही.

१३ फेब्रुवारी

नकाशे मोठे आहेत, इकडे पाठवत नाहीत. तिकडे जाऊनच बघायचे.

१७ फेब्रुवारी

शोधबाईंनी आज सहज विचारलं – अतिथी संशोधनवृत्तीला अर्ज का नाही केलास? कसली वृत्ती? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. दरवर्षी निघते. सहा महिने आपल्याला हव्या त्या दुसऱ्या विद्यापीठात राहायचं, खर्च त्यांचा. सगळा कारभार ग्रंथालयाकडेच असतो. सूचना प्रत्येक विभागात जाते.

आमच्या विभागात ती कुठे जाते ते मला पक्कं माहीत आहे. सरांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली एक ढीग आहे, तिथे. त्या ढिगावरची धूळ मी स्वतः पुसते!

अर्ज भरायला सुरुवात केली. मार्गदर्शकाची शिफारस लागते, ती त्यांनी स्वतः ऑनलाइन पाठवायची. म्हणजे परत सर. फिरून फिरून त्याच खोलीत.

१९ फेब्रुवारी

सरांना भेटून आले. पलंगावर फार लहान दिसतात. दाढी वाढलेली, उशीशेजारी औषधं, आणि बुटाच्या नाडीची किल्ली चक्क गळ्यात! नर्सबाईंनी काढायला सांगितली तर ऐकलं नाही म्हणे.

मी आधी नकाशांचं सांगितलं. ते सलाईनच्या नळीकडे बघत होते. मग म्हणाले, "मी गेलो होतो तिथे. नाहीत म्हणाले होते." मी म्हटलं, आता आहेत. मग एका दमात वृत्तीचं सांगितलं, शिफारशीचं सांगितलं, शेवटची तारीख सांगितली.

"सहा महिने?" सर म्हणाले. "मग इथलं कोण बघणार?"

इथलं म्हणजे काय – झेरॉक्स, धूळ, पेपर तपासणीचे गठ्ठे, त्यांच्या विजेच्या बिलाची रांग. निघताना पुन्हा विचारलं तर म्हणाले, बघतो. शिफारशीची लिंक तुमच्या फोनवर पाठवते म्हटलं, तेव्हाही तेच.

सरांचं "बघतो" म्हणजे काय हे लंबूला विचारा. त्याच्या लग्नाच्या रजेलाही "बघतो"च म्हणाले होते. लग्न झालं, रजा अजून मंजूर व्हायची आहे.

२८ फेब्रुवारी

शेवटची तारीख. शिफारस आली नाही. तीनदा फोन केला. पहिल्यांदा वाजून बंद झाला, मग लागलाच नाही. शोधबाई म्हणाल्या, अर्ज तर गेलाय, राहू दे, मुलाखतीला बोलावतात का ते बघू. आवाजात दम नव्हता.

आईने विचारलं, झालं का? मी तिच्यावर ओरडले. ती मोरीत जाऊन नळाखालची बादली बदलून आली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१२ मार्च

सर वॉकर घेऊन विभागात हजर. कपाट उघडलं. माझं अर्धं प्रकरण मला मिळालं. मी स्टुलावर, ते खुर्चीत, वॉकर दारात – म्हणजे आता मला बाहेर पडायचं तर आधी वॉकर हलवावा लागतो. शिफारशीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. मागायची म्हणजे किती वेळा मागायची? मलाही काही अभिमान आहे.

वाचून म्हणाले, अजून मुरू दे.

१५ मार्च

मुलाखतीचं बोलावणं आलं! शिफारशीशिवाय! लंबूला सांगितलं, सरांना नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तू जाणार?" आणि मग बराच वेळ भांडी घासत राहिली. एकटी कशी राहील ती, हा प्रश्न मी अजून स्वतःलाच विचारलेला नाही. तिने मात्र रात्री जेवताना सांगून टाकलं, माझी काळजी करू नकोस, मी तुझ्या आधीपासून या घरात आहे.

२० मार्च

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

ग्रंथालयाचा तिसरा मजला, मुलाखतीची खोली, बाहेर खुर्च्या. मी पाठ केलेलं मनात घोकत बसले होते. लिफ्ट उघडली आणि वॉकर बाहेर आला. मागून सर. ग्रंथालयात सर! इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मला वाटलं, समितीवर असतील. ते येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. आत गेले नाहीत. "बस, उठू नकोस," म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले. मग शिपायाने यादी बघून सरांचंच नाव पुकारलं. उमेदवार म्हणून!

सरांनीही अर्ज केलाय. माझ्या वृत्तीला. माझ्या नकाशांसाठी! मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी उचललं. इतकी वर्षं कपाटात काय काय गेलं, आता नकाशेही जातील. सरांना बाहेर यायला फार वेळ लागला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता लिफ्टमध्ये शिरले.

मला आत काहीच विचारलं नाही. सरांबरोबर किती वर्षं झाली, घरी कोण असतं, एवढंच. मी नळांचं सांगायला लागले तर अध्यक्ष म्हणाले, ते कळलंय आम्हाला, छान आहे, आणि तिघं एकमेकांकडे बघून हसले. शोधबाई कोपऱ्यात टिपणं घेत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणजे ठरलेलंच होतं. मला उगाच नियमापुरतं बसवलं. पाच मिनिटांत मी बाहेर.

इतकं हरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

२१ मार्च

विभागात गेले नाही. सरांचा फोन आला, उचलला नाही.

२४ मार्च

गेले. जाणार कुठे? वॉकर हलवला, स्टुलावर बसले. सरांनी फाईल काढून दिली, मी घेतली. संध्याकाळी जाताना ते काहीतरी बोलायला लागले होते, मी दार ओढून घेतलं. पूर्ण बंद होत नाही तेही.

२८ मार्च

शोधबाईंचा फोन. निवड झाली. माझी!

मी विचारलं, आणि सर? त्या हसायला लागल्या. सरांना अर्ज करायचाच नव्हता. शिफारस पाठवायला गेले आणि शिफारशीच्या जागी अर्जच भरून बसले. हॉस्पिटलच्या पलंगावरून, एकट्याने, फोनवर, कुणालाही न विचारता. ग्रंथालयाचं ऑनलाइन काहीच येत नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कोण म्हणणार, म्हणून बोलावणं गेलं, आणि चूक कळूनही ते आले. अध्यक्षांनी विचारलं, या वयात तुम्हाला तिकडे का जायचंय?

सर म्हणाले, "मला कुठे जायचंय? तिला पाठवा. माझ्या कपाटातून तिला बाहेर काढणं मला जमलेलं नाही."