छत्रीच्या कापडाचा पतंग

धुळे,
११ जून २०२४

ती. रुपचंदनानांस, धाकट्या कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले नाही म्हणून वहिनी रुसल्या असतील. यांचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं, घरातून पाय निघेना. फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र.

नाना, हसू नका. मी पतंग शिवते आहे. संध्याकाळी मी नकाणे तलावाच्या बाजूच्या माळावर चालायला जाते. आषाढाच्या तोंडाशी तिथे असा वारा सुटतो की पदर सांभाळणं कठीण. कागदाचा पतंग त्यात टिकायचा नाही. मला टिकणारा हवा आहे. दोन जुन्या छत्र्या उसवून कापड काढलंय आणि सूनबाईने, मेघाने, कुणाचं तरी जुनं मशीन आणून दिलंय. शेजारची बेबाबाई रोज डोकावून विचारते, बाई, हाई काय शे. मी सांगते, पिशवी.

अडचण अशी की मला बॉबिनसुद्धा भरता येत नाही. जिचा बाप शिंपी, भाऊ शिंपी, तिने हे विचारायचं म्हणजे लाज वाटते. तरी विचारते. शिवलं की शिलाईच्या कडेने कापड फाटतं. काय करू?

वहिनींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा. उत्तराची वाट बघते.

आपली,
कोकिळा


बोदवड,
१८ जून २०२४

चि. कोकिळास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी वहिनी रुसलेली नाही. तुझ्यासाठी केलेल्या सांजोऱ्या मीच संपवल्या. सहासष्टाव्या वर्षी पतंग म्हणजे कमाल झाली असं ती म्हणाली. मी काही म्हणालो नाही.

आता कामाचं. छत्रीच्या कापडाला टाचणी लावू नकोस, भोक राहतं आणि तिथूनच फाटतं. सुई बारीक घे, टाका लांब ठेव. टाके जवळजवळ घातले की कापडाची चाळण होते. कड दोनदा दुमड आणि दुमडीत बारीक दोरी घालून शिव, म्हणजे ताण दोरीवर येईल. कापड उभ्या सुतात काप. तिरपं कापलंस तर वाऱ्याने ताणून वाकडं होईल. आकार लहान ठेव. जोराच्या वाऱ्यात मोठा पतंग उडवायचा म्हणजे बैल धरण्यासारखं आहे.

बॉबिनचं चित्र मागच्या पानावर काढलंय. दुकानात आलेली पोरं बघून बघून शिकायची, त्यामुळे चित्र काढायची वेळ आजवर आली नव्हती. रेघा वाकड्या आल्यात, समजून घे.

तब्येतीला जप. असाच लोभ राहू दे.

तुझा,
नाना


धुळे,
२९ जून २०२४

ती. नानांस शि. सा. न.

तुमच्या चित्रावरून बॉबिन भरलं. कड शिवली, ती फाटली नाही. काल मेघाला घेऊन माळावर गेले. पतंग सरसर वर चढला, मग गिरक्या घेत खाली आला आणि मधली कामटी मोडली. मेघा म्हणाली, आई, तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मला आठवत नाही.

तुम्ही लिहिलंत की तुम्ही काही म्हणाला नाहीत. मीही बावन्न वर्षं काही म्हटलं नाही. मी चौदा वर्षांची होते. दुपारी आपले आबा आणि तुम्ही जेवायला गेलात की मी दुकानात, तुम्ही बॉबिन भरून ठेवलेल्या मशीनवर बसायचे. अस्तराच्या तुकड्यांचा पतंग शिवला आणि दुकानावरच्या मातीच्या धाब्यावरून उडवला. तुम्ही तो उतरवून गल्लीत, गिऱ्हाइकांसमोर त्याला कात्री लावलीत. पोरीच्या जातीला हे शोभत नाही म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या झाकणाला कुलूप होतं.

रागाने लिहीत नाही, नाना. तो पतंग चांगला उडत होता, एवढंच तुम्हाला माहीत असावं. तुम्ही आधी खाली होतात, उडताना दिसला नसेल.

माया आहे, ती असू द्या.

आपली,
कोकिळा


बोदवड,
६ जुलै २०२४

चि. कोकिळास आशीर्वाद.

गिरक्या घेतो म्हणजे वाऱ्याला वाट मिळत नाही. खालच्या अंगाला मच्छरदाणीच्या जाळीचा वीतभर चौकोन बसव. शेपटी तिप्पट कर. कामटी शिवून टाकू नकोस. दोन्ही टोकांना खिसे कर, म्हणजे मोडली तर बदलता येईल.

आता दुसरं. तुझा पतंग मला दिसला होता. दुकानाच्या पायरीवरून मी बराच वेळ पाहत होतो. खाली आणल्यावर त्याची शिलाई पाहिली, ती माझ्यापेक्षा सरळ होती. आबांनी ती पाहिली असती तर मशीनवर तुला बसवलं असतं, मला नाही. पोरीची जात वगैरे मी नंतर शोधलेलं कारण होतं. आबा जाईपर्यंत त्यांना हे सांगितलं नाही. तुझ्या वहिनीलाही माहीत नाही.

रविवारी, चौदा तारखेला थेट माळावरच येतो. त्या वाऱ्यात दोरी एकट्याने धरू नये. तू ढील दे, मी धरतो. बाकीचं समोरासमोर बोलेन.

तुझा,
नाना


बोदवड,
१५ जुलै २०२४

चि. कोकिळास आशीर्वाद.

मी काल आलो होतो. सकाळच्या गाडीने जळगाव, तिथून एसटीने धुळे. एरंडोलपुढे बस दोन तास बंद पडली. धुळ्याच्या स्टँडवरून रिक्षाने येऊन नकाण्याच्या रस्त्यावर उतरलो तर तू माळावर होतीस आणि पतंग वर गेलेला. एका जागी उभा होता, शेपटीसुद्धा हलत नव्हती. तू हसत होतीस. तुला तसं हसताना मी तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

वाटलं, मी गेलो की ही पतंग उतरवेल, पाया पडायला वाकेल, माझ्या चहाचं बघेल. एकदा मी तुझा पतंग खाली आणला होता, पुन्हा माझ्यामुळे उतरायला नको. दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि त्याच रिक्षाने परत फिरलो. तुझ्या वहिनीला सांगितलं, भेट झाली, खूप बोललो.

शिलाई उत्तम झाली आहे. जमलं तर मला क्षमा कर.

तुझा,
नाना


धुळे,
२२ जुलै २०२४

ती. नानांस शि. सा. न.

अक्षर मेघाचं आहे, मजकूर माझा. माझ्या उजव्या हाताला पट्टी आहे. काळजी करू नका, टाके पुढच्या आठवड्यात निघतील.

त्या दिवशी मेघा येणार होती. तिला मीच नको म्हटलं, आज आम्ही दोघं भाऊबहीण असू दे म्हणाले. चार वाजेपर्यंत वाट पाहिली. मग वाटलं, येताना नानांना लांबून दिसू दे, म्हणून पतंग एकटीनेच वर सोडला. रस्त्याच्या कडेला टोपीवाला माणूस दिसला. चष्मा घरी राहिलेला, पण उभं राहण्याची ढब तुमचीच वाटली. मी हसत होते ती त्याच्याकडे बघून. मग तो रिक्षात बसून निघून गेला. मी म्हटलं, नाना नव्हते.

त्यानंतर वारा वाढला. दोरी तळव्यातून कापत गेली, मला सोडावी लागली. पतंग तलावाच्या पलीकडे गेला. दिसेनासा होईपर्यंत पाहत होते, कुठे उसवला नव्हता.

कात्रीचं दुःख मी केव्हाच मागे टाकलं होतं, नाना. तुम्ही शिलाईचं खरं लिहिलंत त्या दिवशी तर उरलंसुरलंही गेलं. या रिक्षाचं मात्र काही दिवस राहील. मी पाया पडले असते, चहाचंही बघितलं असतं, पण आधी दोरी तुमच्या हातात दिली असती.

वहिनींना खरं सांगा. भेट झाली नाही.

राग धरलेला नाही. माया होती तशीच आहे.

आपली धाकटी,
कोकिळा