मुका दम आणि मुकादम

१२ फेब्रुवारी १९६१, दुपार

शिरगणतीच्या मास्तराला अक्कल नाही, हे आधी लिहिते. बाकीचं मागाहून. गुरुदास मास्तर, चौथीच्या पोरांना शिकवतो. खळ्यात, म्हणजे दारच्या अंगणात, येऊन बसला, नाव विचारलं. नर्मदा मुकादम म्हणून सांगितलं. तर पेन वर करून विचारतो, मुकादम कुठच्या कामावर? रस्त्याच्या की कचऱ्याच्या? म्हटलं, मेल्या, आडनाव ते. बापाला विचार तुझ्या, मुकादम कोण ते. तो म्हणाला, बाप वारला. तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं, पण मी म्हटलं, मग आज्याला विचार.

मग नीट समजावलं. आडनावाचा अर्थ साधा आहे, दुसरी शिकलेल्या बाईलाही दिसतो. मुका अधिक दम. फिरंग्यांची गलबतं मालवणच्या किल्ल्याला वेढा घालून होती, तेव्हा आमच्या सासरचा मूळ पुरुष तोंडातून अक्षर न काढता पाण्यात उतरला. पान खाऊन होईपर्यंत दम धरला आणि नांगराचा दोर कापून वर आला. किल्लेदाराने विचारलं, कोण रे तू? तो बोलला नाही. दम धरलेलाच होता. म्हणून मुका दम. हे मला कोणी सांगितलेलं नाही. माझं मी शोधलं, म्हणूनच ते खरं. सांगणारे लोक खोटं बोलतात.

शेजारची विमला कुंपणावरून ऐकत होती. म्हणाली, "काकी, मुको घेवक गेलो आसतलो, थंयच दम लागलो." मास्तर हसला. त्याला दिलेला चहा परत मागता आला नाही, पिऊन झाला होता.

असो. डायरे, राम राम. ही डायरी मुलाने, गंगारामाने, मुंबईहून पाठवली. गोदीत कामाला आहे, तिथे फुकट मिळतात. जानेवारी कोरा गेला. लिहिण्यासारखं कोणी काही केलं नाही.

निश्चय दोन. उद्यापासून मशेरी बंद. आणि आडनावाचा अर्थ तालुक्यात प्रत्येकाला कळला पाहिजे.

१३ फेब्रुवारी

मशेरी बंद आहे. फक्त सकाळची.

२० फेब्रुवारी

शेवंतीचं फायनल झालं होतं. नात माझी, एकविसावं चालू. आधीची दोन स्थळं मी नाकारली. एकाचं नाक, दुसऱ्याची आई. हे तिसरं विमलाने आणलं, तिच्या माहेरचं, धामापूरचं. मुलगा सत्यवान, कणकवलीला एसटीत क्लार्क. तळ्याकाठी पोफळीची बाग. भगवतीच्या देवळात दोघांनी एकमेकांना बघितलं, दोघांनी मान हलवली. मुलाच्या घरी आजाचा शब्द चालतो, त्याला सगळे धामापूरचे दाजी म्हणतात. सरळ माणूस, कानाने कमी. नारळ ठेवायचा तेवढा बाकी. मी सहज विचारलं, दाजी कोण, आडनाव काय? विमला म्हणाली, तुमचंच. मुकादम. बरं झालं, भांड्यांवरची नावं बदलायला नकोत.

मी पाटावरून उठलेच. एक आडनाव म्हणजे एक रक्त. भावाबहिणीचं लग्न मी लावणार नाही. सून सुशीला, शेवंतीची आई, म्हणाली, त्यांचं कुळदैवत वेगळं, गाव वेगळं, कधी त्यांचं सुतक आपण धरलं नाही. म्हटलं, आता कळलं, पुढल्या वेळेपासून धरू. आणि प्रूफ पाहिजे तर तळं बघ. बुडी मारणाऱ्याचा वंश पाण्यापासून लांब राहील कसा?

सुशीला कपाळाला हात लावून बसली. पॉइंट पटला की माणूस असंच करतो.

२४ फेब्रुवारी

शेवंती बोलत नाही. पेजेत मीठ नाही. विचारलं तर आईकडे बघते. आज विहिरीवर एकटी गाठली. म्हणाली, "आजये, माका तो पसंत आसा. चवथो मी बघूचंय नाय." एवढंच. कळशी उचलून गेली.

म्हणजे निर्णय माझ्यावर सोडला. पोर गुणी.

विमला सांगते, यंदा अधिक ज्येष्ठ आहे. वैशाखात झालं नाही तर पुढे पाऊस, मग चातुर्मास, आणि मुलगा थांबायचा नाही. थांबेल. आमच्या रक्ताचा आहे, दम धरील.

दुपारची मशेरी परत चालू. तोंड रिकामं असलं की शब्द फुकट जातात.

४ मार्च

शिमग्याला गंगाराम आला. त्याला विचारलं, मुंबईत मुकादम कितीसे? म्हणाला, गोदीत हमालांच्या प्रत्येक टोळीला एक. टोळीच्या पुढे जो राहतो त्याला मुकादमच म्हणतात. आणि आडनावाचे ते निराळे. एक बोहरी, काचसामानवाला. एक पारशी. एक गुजराती. रत्नागिरीकडचे मुसलमान तर कितीतरी.

केवढा पसारा. एक माणूस मालवणात बुडी मारतो आणि वंश मुंबईला वर निघतो.

गंगाराम म्हणाला, आये, याचा अर्थ तो नव्हे. मग कुठला, ते सांग. तर म्हणे तूच ठरव, आणि पालखी नाचवायला गेला. म्हणजे त्यालाही पटलं. शेवंतीबद्दल काही बोलायचं त्याच्या मनात होतं असं वाटलं, पण मी विषय चालू ठेवला. दोन दिवस राहून मुंबईला गेला.

९ मार्च

बाजार. इस्माईलभाईंच्या दुकानात सुंभ घ्यायला गेले. दोर, सुंभ, डांबर, होडीवाल्यांना लागतं ते सगळं त्यांच्याकडे. आमच्या घरधन्याच्या वेळेपासूनची ओळख. शहाणा माणूस, मापात कधी कमी देत नाही. म्हणून त्यांना गोष्ट पुरी सांगितली. गोष्टीत मूळ पुरुष आता पेज शिजेपर्यंत दम धरतो. दोर जाड होता, वेळ लागणारच.

ते ऐकत ऐकत सुंभ मोजत होते. मग म्हणाले, "वयनी, माजा आडनाव पण मुकादमच."

मी सुंभ खाली ठेवलं. इतकी वर्षं मी त्यांना सुंभवाले समजत होते.

त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवते. पटलं म्हणून नव्हे. शब्द अरबी. मूळ मुकद्दम, म्हणजे पुढे ठेवलेला. दर्यावरून अरबांचा व्यापार आला, मग सुलतानांच्या कचेऱ्या आल्या, त्यांच्यासंगती शब्द इकडे आला आणि राहिला. गावच्या वसुलीला ज्याला पुढे केला तो मुकादम. गलबतावर, बंदरावर, बांधावर, माणसांच्या पुढे उभा केला तोही मुकादम. "कामाक जो फुडे, तो मुकादम," म्हणाले. "तो कोणाचो कोण, ता कोणी इचारूक नाय. काम गेला, नाव रवला." म्हणून हे आडनाव हिंदूंत आहे, मुसलमानांत आहे, पारशांत आहे. देसाई नाही का गावोगाव, सगळे काय एका आईचे?

मी विचारलं, मग यात मुका कुठे? म्हणाले, मुका नाही. दम? दमही नाही.

सुंभ घेतलं आणि निघाले. भाव करायचा राहिला.

घरी येऊन सुशीलाला आणि शेवंतीला सांगितलं, असं असं म्हणतात, बघा माणसं कशी असतात. शेवंतीने पंधरवड्यानंतर तोंड उघडलं. म्हणाली, परत सांग, काय म्हणाले ते.

१० मार्च, सकाळ

अडचण आहे. एक आडनाव म्हणजे एक रक्त, असं मी गावभर सांगितलं. ते खरं तर इस्माईलभाई माझे दीर. दीर म्हटला की डोक्यावर पदर घ्यायला हवा, आणि दिराकडे सुंभाचा भाव करता येत नाही. ते खोटं, तर शेवंतीचं

पुढचं लिहीत नाही. पेज उतू जाते आहे.

त्याच दिवशी, दुपार

सुटलं. शब्द अरबांचा, मान्य. पण अरबांकडे तो आला कुठून? इथून. त्यांनी खजूर आणला, जाताना शब्द नेला. व्यवहार. विमलाला सांगितलं. म्हणाली, शब्द नेला तो ठेवून घेतला त्यांनी, तुम्हाला नेलं असतं तर काकी, आठ दिवसांत परत आणून सोडलं असतं.

जळते. तिचं आडनाव कुठल्याच देशात नाही.

१८ मार्च, पाडव्याचा दुसरा दिवस

विमलाने बातमी आणली. सत्यवानाला सावंतवाडीची मुलगी दाखवणार आहेत. मी नाकारलेलं दुसऱ्याने उचलायचं, ही काय रीत? शेवंतीने ऐकलं. उठून भांडी घासायला बसली. घासलेलीच.

दुपारभर विचार केला. रक्त सात पिढ्यांत पातळ होतं, हे शास्त्र आहे. बुडी मारणारा दहा-अकरा पिढ्यांमागचा. पातळ झालंच असणार. त्यात समुद्राचं पाणी. तेव्हा परवानगी दिली. विमलाला धामापूरला धाडलं, सांग म्हटलं, नर्मदाकाकींनी मोठ्या मनाने हो म्हटलं आहे, नारळ घेऊन या.

शेवंती हसली नाही. तिला खात्री नसावी. मला आहे.

२१ मार्च

दाजी नाही म्हणाले.

कारण लिहायला हात जात नाही, पण लिहिते. मागच्या खेपेला मी पाटावरून का उठले, ते विमलाने धामापूरला जाऊन सांगितलं होतं. कानाने कमी म्हणून ओरडून सांगितलं. म्हाताऱ्याला गोष्ट आवडली. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून ऐकवतो. त्याच्या गोष्टीत दम एक दिवस आणि एक रात्र आहे, आणि दोराची साखळी झाली आहे. विमलाला म्हणाला, "आमी एका रगताची माणसा. शेवंती माजी नात. नातीक नातसून कशी करतलंय?"

विमलाला म्हटलं, सात पिढ्यांचं सांगितलंस का? सांगितलं. तर दाजी म्हणाले, असलं रक्त पातळ होत नाही.

इतकं चांगलं उत्तर मला सुचायला हवं होतं. म्हणजे मी अजून माझ्या जुन्या बाजूने असते तर.

शेवंती आत गेली, कडी घातली. सुशीला माझ्याकडे न बघता चूल सारवत राहिली. माझ्या सांगण्यात इतका जोर आहे, हे घरातल्या कोणीतरी मला वेळेवर सांगायला हवं होतं.

२५ मार्च

निश्चय, आणि हा शेवटचा. स्वतः धामापूरला जाणार. दाजींच्या भर खळ्यात सांगणार की गोष्ट खोटी. ती खरी आहे, हे मला ठाऊक आणि या डायरीला ठाऊक. पण नातीसाठी एवढं खोटं बोलेन. भगवतीला आधीच सांगून ठेवलं आहे, तेव्हा दोष लागायचा नाही.

भाषण तयार केलं. रोज विहिरीवर म्हणून बघते. रहाटाचा आवाज मध्ये येतो, तरी परिणाम चांगला. कालच्या वेळी माझेच डोळे भरून आले. धामापूरचे लोक काय करतील कोण जाणे.

मशेरी तिन्ही त्रिकाळ. भाषणाला लागते.

२ एप्रिल, संध्याकाळ

एसटीने धामापूर. मी, सुशीला, शेवंती आणि विमला. खळ्यात माणसं जमलेली, पाट मांडलेले, ताटात नारळ, पेढे. वाटलं, मला बघून घाईने मांडले.

बसले नाही. पदर खोचला आणि सगळं म्हटलं. मुका नाही, दम नाही, दोर नाही, साखळी तर नाहीच नाही. बुडी मारणारा होता की नव्हता तेही ठाऊक नाही. शब्द अरबी, दर्यावरून आला, ज्याला पुढे केला त्याचा झाला. तुम्ही वेगळे, आम्ही वेगळे, आपलं रक्त एक नाही. दाजींना ऐकू जावं म्हणून शेवटी आवाज चढवला. तळ्यावरची पाखरं उडाली.

कोणी रडलं नाही. दाजी म्हणाले, "बसा विहीणबाय, चाय थंड होता."

विहीणबाय.

मग कळलं. गेल्या आठवड्यात शेवंती आणि सुशीला खोबरेल आणायला म्हणून बाजारात गेल्या, त्या इस्माईलभाईंकडे. इस्माईलभाई सुपारी बघायच्या निमित्ताने धामापूरला आले. याच खळ्यात बसले. दाजींची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, वाहवा केली. मग म्हणाले, "दाजीनू, मी पण मुकादम. रगत एक, तर मी तुमचो भाव. ह्या बागेत माजो वाटो खंयच्या पोफळीपासून?"

दाजींना ते एका खेपेत ऐकू आलं. ओरडावं लागलं नाही. त्याच बैठकीत भावकी संपली, आणि चहा यायच्या आत वैशाखातली तारीख निघाली. मला सांगायचं तेवढं राहिलं. सुशीला म्हणाली, सांगणारच होतो, पण तुम्ही विहिरीवर भाषण म्हणत होता, मध्ये कसं बोलावं.

शेवंती खाली मान घालून पेढा खात होती. दुसरा.

परवानगी मी १८ मार्चलाच दिली होती, तारीख वर आहे. तेव्हा जुळवलं मीच.

घोटाळा एकच. दाजींनी भावकी सोडली, बुडी सोडली नाही. म्हणतात गोष्ट चांगली आहे, मांडवात सांगणार. पाहुणे ऐकणार, आणि खरं-खोटं विचारायला माझ्याकडे येणार, कारण मी त्यांच्याच खळ्यात उभी राहून ती खोटी म्हटली. आता खरी म्हणता येत नाही, आणि खोटी मला दुसऱ्यांदा म्हणवत नाही. म्हणून गाडीत बसल्या बसल्या तिघींना बजावलं. त्या बुडी मारणाऱ्याबद्दल मांडवात कोणी काहीही विचारलं तर जबाब दाजींनी द्यायचा. माझ्याकडे कोणाला पाठवायचं नाही.