आठवडाभर भरलेला फोन

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. हादरलेय ती मी. फोनवर सांगायला गेले असते तर आपलं भांडण झालं असतं, म्हणून कागद घेतला.

आमच्या कंपनीला पंचवीस वर्षं झाली. ग्राहकांना भेट काय द्यायची, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पेन आणि डायऱ्यांना लोक कंटाळलेत, म्हणून मी उन्हावर चालणारे, खिशात मावणारे चार्जर सुचवले. तीन नमुने आले. दोन मी ऑफिसच्या गच्चीत तपासले, यथातथाच निघाले. तिसरा बाबांकडे दिला. त्यांच्या खिडकीत दिवसभर ऊन असतं, आणि प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस नोंदी चोख ठेवणार. सोमवारी त्यांनी सुरुवात केली. रविवारी मी फोन केला तेव्हा केवढे खुशीत होते! भिंतीतल्या प्लगला हातही लावला नाही, तरी आठवडाभर फोन भरलेला, म्हणाले. त्या जोरावर मी तो पास करून टाकला. तीनशे नग, प्रत्येकावर कंपनीचं नाव.

परवा माल आला. साहेबांनी सगळ्यांसमोर एक उघडून दिवसभर उन्हात ठेवला आणि संध्याकाळी त्याला फोन जोडला. जेमतेम दोन टक्के चढला. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. बाबा खोटं बोलणार नाहीत, मग हे काय? काल सकाळी उठून तडक त्यांच्याकडे गेले.

चार्जर खिडकीतच होता. त्याची वायर कागदी पट्टीत, आली तशी गुंडाळलेली. आणि वर बाबांचा जुना बटणांचा फोन, नुसता ठेवलेला! तू दिलेला मोठा फोन ओरखडे पडतील म्हणून कपाटात आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आला होतात तेव्हा तुझा लेक त्याचा फोन एका चकतीवर नुसता ठेवायचा आणि तो चार्ज व्हायचा, आठवतं? बाबांनी ते बघून ठेवलं होतं. त्या आठवड्यानंतर एकदा फोन बंद पडला तो आभाळामुळे, अशी त्यांची खात्री; तेवढा प्लगला लावला म्हणे. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना.

मग मी त्यांची वही उघडली. सोमवार, भरलेला. मंगळवार, भरलेला. असं थेट शनिवारपर्यंत. आणि पुढे त्यांच्या त्या सुवाच्य अक्षरात: रविवार, बॅटरीची एक काडी कमी, मुलीचा फोन आला होता.

दादा, सोमवार ते शनिवार त्या फोनवर कोणी बोललंच नव्हतं. त्यांच्या फोनमधली कॉलची यादी बघितली. खाली खाली जात राहिले. सगळीकडे मीच, रविवारची, चार-चार मिनिटांची. तुझं नाव काही सापडलं नाही. आणि माझी चार मिनिटं तरी काय मोठी लागून गेली आहेत? मला लाज वाटली रे. तेवढ्यात बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं, आपला चार्जर सगळ्यांना आवडला ना? मी हो म्हटलं.

साहेबांना मी माझी चूक सांगितली आहे. ऑफिसात माझं काय व्हायचं ते होईल. पत्र त्यासाठी नाही. बाबा अजून रोज सकाळी फोन त्या खिडकीत नेऊन ठेवतात. तू त्यांना फोन कर. कामाचंच काही हवं असं नाही. तुझी नवी सायकल मी कुठे ठोकली होती, ते पुन्हा एकदा सांग. पण त्यांचा फोन बंद पडेपर्यंत बोल.

तुझीच,
छकुली