आब्लाबा, म्हणजे आबा बोलायचे

जळगाव, १० एप्रिल १९९३

तीर्थस्वरूप वच्छलाअक्का हिला धाकट्या झुलालचे दंडवत.

तुझे गुडघे कसे आहेत? साक्रीची हवा त्यांना मानवते का? एक क्रियापद शिकायला मला काय पडलं, त्याचा हिशोब आधी देतो: बसराई केळीचे घड (बाजारात न पाठवलेले, निवडक), दुपारची झोप आणि उरलीसुरली अब्रू. क्रियापद स्पॅनिश आहे. ‘बोलणे’.

आपला सुकदेव इक्वेडोरला केळीच्या मळ्यावर नोकरीला गेला आणि तिकडची लुसिया करून बसला, हे तुला ठाऊकच. सुनेला स्पॅनिशशिवाय काही येत नाही. सुकदेव आबांच्या खांद्यावर वाढलेला, त्यामुळे फोनवर ती नुसतं ‘आबा? आबा?’ करते. आपल्या थोरल्या भावाबद्दल माझ्या सुनेला मीच सांगायला हवं ना? म्हणून दवाखान्यातल्या स्पॅनिश सिस्टरांकडे शिकवणी लावली. (त्यांचं मराठी आपल्या तलाठ्यापेक्षा शुद्ध.)

माझे कान किती तिखट आहेत तुला माहीत आहे. ट्रक वळणावर असतानाच हॉर्नवरून ड्रायव्हर ओळखतो मी. त्या कानांनीच घात केला. पहिल्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, “आब्लाबा.” मी म्हटलं, “वारले, सिस्टर. दिवाळीनंतर.” त्यांनी वहीचं पान उलटलं. मग म्हणाल्या, “त्राबाहाबा”, म्हणजे कष्ट करायचे. “कांताबा”, गायचे. “फुमाबा”, विडी ओढायचे. मी थक्क! कष्ट, भजन, विडी, सगळं बरोबर, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी मानानं ‘आबा’. असोद्याच्या आबांना स्पेनमध्ये ओळखणारं कोण निघालं?

सिस्टर हसून म्हणाल्या, तो नुसता प्रत्यय आहे. ‘आर’नं संपणारी सरळमार्गी क्रियापदं या काळात अशीच चालतात. त्यांच्याकडे भूतकाळ दोन. एकदा झालं आणि संपलं, त्याचा एक. नेहमी व्हायचं, त्याचा दुसरा. “या दुसऱ्यात शेवट कधी झाला ते सांगायचं नसतं, झुलालभाऊ.” आणखी गंमत म्हणजे ‘मी बोलायचो’ आणि ‘ते बोलायचे’ याला एकच रूप, आब्लाबा. मी आणि आबा एका शब्दात! (तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर गेलो. माठ बाहेर होता, एवढंच.)

आबा संध्याकाळी ओट्यावरून विचारायचे, “झुलाल, बठ्ठं बरं शे ना रे?” मी म्हणायचो, “शे, आबा.” केळीचा भाव पडलेला असला तरी सगळं बरंच, ‘शे’च. आता संध्याकाळी असोद्याला गेलो की ओट्याकडे न बघता आत शिरतो.

दहाव्याला तू म्हणालीस, “आबा गयात, मन्हं माहेर सरनं.” मी तेव्हा गप्प बसलो, कारण व्याकरण येत नव्हतं. आता येतं. अक्का, तुझा काळ चुकला. जिथं आपण रोज बोलायचो, त्या घराला ‘सरनं’, ‘संपलं’ लागत नाही.

माझी प्रगती म्हणशील तर परवाच्या रविवारी बूथवरून लुसियाला आबांबद्दल सगळं सांगितलं, स्पॅनिशमध्ये, कुठंही न अडखळता. पोर इतकी रंगली की मधे हूं की चूं केलं नाही. डोळ्यांतून टिपूस न काढता बोललो, हेही लिहून ठेवतो.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.
तुझा
झुलाल

ता. क. अक्षय्य तृतीया जवळ आली; अखाजीला आबांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. घागर मी भरेन, पण बहीण आली नाही तर अखाजी कसली? झोका बांधून ठेवलाय, तुझ्या गुडघ्यांना झेपेल इतका खाली. साक्रीहून धुळ्यापर्यंत एसटीनं ये, स्टँडवर मी उभा असेन. आबांबद्दल बोलायला मला कुणीतरी हवं गं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना बूथवाला छगन आला. म्हणाला, “नाना, परवा लाइन ‘हॅलो’लाच तुटली होती. तुम्ही रडत होतात, म्हणून सांगितलं नाही.”