किलब्रे हाउसची आया

६ ऑक्टोबर
आले एकदाची! प्रीताताईनं ॲन आर्बरहून स्वतः ड्राइव्ह करून सोडलं. रस्ताभर मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल. किलब्रे हाउस म्हणजे दगडी बुरुजांचं घर, स्कॉटलंडमधून उचलून मिशिगनच्या शेतात ठेवल्यासारखं. किलब्रे म्हणजे ग्लासगोचे कापसाचे व्यापारी. मुंबईत पेढी चालवली, मग इथे येऊन ही इस्टेट बांधली. आता वंशात कुणी नाही. घर ट्रस्टचं, आणि त्यातले जुने कपडे सांभाळायला मी! पूर्वी हे काम प्रीताताई करायची, तिनंच माझं नाव सुचवलं. नागपूर सोडल्यापासून तीच माझं माहेर. आत मात्र आली नाही. पायरीवरच मिठी मारली, जरा जास्तच वेळ.

८ ऑक्टोबर
वरच्या मजल्यावर मुलांची खोली आहे. पेटीत लेसचे झगे, लोकरी मोजे आणि एक निळं सुती लुगडं. ट्रस्टचे कुमारकाका फोनवर म्हणाले, की किलब्रेंनी मुंबईहून मुलांसाठी आया आणली होती. मुलं तापानं गेली. आयाला परत पाठवल्याचं कुणाला आठवत नाही. तिचं नावही नाही. वाईट वाटलं. लुगडं उलगडलं, तर निऱ्यांच्या घड्या ताज्या, जणू सकाळीच कुणी सोडून ठेवलं होतं.

११ ऑक्टोबर
जेवताना स्वयंपाकघरातली घंटा वाजली, मुलांच्या खोलीची. तिची तार केव्हाच कापलेली आहे. वर गेले. कुणी नव्हतं. जिना उतरताना माझ्या तळहातात एक लहान हात आला. गार, ओलसर. हात सोडवायला गेले, तर दुसऱ्या हातातही —

१२ ऑक्टोबर
भर दुपारी बॅग घेऊन निघाले. टॅक्सी फाटकाशी आली. मी काचेवर थापा मारत होते आणि ड्रायव्हर माझ्या आरपार बघत फोनवर म्हणाला, “मॅम, देअर्स नोबडी हिअर.” निघून गेला. मागून लहान मुलांची हाक आली, “आया, चल ना.” मराठीतच.

१३ ऑक्टोबर
प्रीताताईनं शेवटी फोन उचलला. नेहमीचं “जय भीम, हर्षू” नाही. मी विचारलं, तू कशी सुटलीस?
मग म्हणाली, “दुसरीला आणते म्हटलं, म्हणून बाहेर जाऊ दिलं. ती आत आली की पहिलीला कायमचं सोडतात. सॉरी यार.”
“मीच का, ताई?”
“मी बोलावल्यावर काही न विचारता येणारी तूच होतीस.”
रडत होती. पण फोन तिनंच ठेवला. नंतर लागलाच नाही.

१५ ऑक्टोबर
लुगडं नेसलेय. कधी नेसले — माहीत नाही. झगे मीच धुतेय. ती मुलं अंगाई मागतात. मी म्हणते. आईनं म्हटलेली —

१६
रूममेट विनीताचा मेसेज: फोन का उचलत नाहीस, मी येतेय. येऊ नको लिहिलं. तीनदा. मेसेज जातच नाही.

१६, दुपार
गाडी थांबली. विनीता पायरीवर. हाका मारतेय, “हर्षिता, आर यू ओके?”
ती आत आली की मी सुटेन. ताईनं हेच केलं. मी नाही. पाठ दाराला लावून बसलेय, एका हातानं लिहितेय. दुसरा त्यांच्याकडे — ओढतात — कडीकडे —
विनीता, जा. जा ना गं —
बोटं माझी नाहीत. कडी